टोचलेल्या पेशी जातात कुठे?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. शेवटचा पेशंट तपासून मी हात धूत होतो, तेवढ्यात अण्णा आत आले. अण्णा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. गेली वीस-बावीस वर्षे माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला. मणक्याला मार बसून आतल्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. वय अवघे सव्वीस. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे.

अण्णांनी पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवले. मुलाच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या ‘स्टेम सेल्स’ म्हणजे मूळपेशी वेगळ्या करायच्या आणि त्या पाठीतल्या पाण्यात टोचायच्या; असे तीन वेळा. खर्च काही लाख रुपये. अण्णांच्या पिशवीत दोन एकर जमिनीचा सातबाराही होता.

“डॉक्टरसाहेब, जमीन विकायचं जवळजवळ ठरलंय. फक्त एक सांगा. कमरेत टोचलेल्या या पेशी बरोबर जखमेच्याच जागी जातात का? आणि गेल्या, हे कुणाला बघता येतं का?”

मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये औषधाची किंमत, पथ्य आणि गुण येण्याचे दिवस पुष्कळांनी विचारले. पण इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारला. “अण्णा, आठ दिवस द्या. तोवर सातबारा घरी ठेवा,” असे सांगून मी त्यांना परत पाठवले. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि रेडिओलॉजिस्ट असलेल्या एका वर्गमित्राकडून जे समजून घेतले, तेच आज वाचकांपुढे मांडतो आहे. कारण अशी माहितीपत्रके फक्त अण्णांच्याच पिशवीत असतील असे नाही.

पेशी दिसत का नाहीत?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. साधारण पेशी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. म्हणजे एक मिलिमीटर लांब, रुंद व उंच अशा इवल्याशा ठोकळ्यात सुमारे दहा लाख पेशी मावतात. दवाखान्यातल्या नेहमीच्या एम.आर.आय. चित्रात दिसणारा लहानात लहान ठिपका साधारण एवढ्याच आकाराचा असतो. तेव्हा एकेक पेशी त्यात दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. टोचलेली पेशी आणि तिच्या शेजारची जुनी पेशी यांत यंत्राला काहीच फरक कळत नाही. धनगराच्या पाचशे मेंढ्यांच्या कळपात दुसऱ्याच्या दहा मेंढ्या मिसळल्या तर त्या ओळखायच्या कशा? म्हणून धनगर मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो तोही यासाठीच. पेशींच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले: शरीरात सोडण्यापूर्वी पेशींना खूण केली. ही खूण डोळ्यांना नव्हे, एम.आर.आय.च्या यंत्राला दिसते.

यंत्र पाहते ते काय?

एम.आर.आय. म्हणजे चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने काढलेले चित्र. यात क्ष-किरण नसतात. रुग्णाला ज्या बोगद्यासारख्या नळीत झोपवतात ती एक प्रचंड शक्तीचे चुंबक असते. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली बरीचशी यंत्रे दीड टेस्ला शक्तीची असतात. म्हणजे होकायंत्राची सुई हलवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजार पट.

आपल्या शरीरात वजनाने निम्म्याहून अधिक पाणी असते आणि पाण्यात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या अणूचा गाभा स्वतः एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. मोठ्या चुंबकात गेल्यावर हे चिमुकले चुंबक एका दिशेला कलतात. मग यंत्र रेडिओलहरींचा धक्का देऊन त्यांना क्षणभर ढळवते, आणि ते पुन्हा जागेवर येताना जो बारीक संदेश सोडतात तो टिपते. चरबी, स्नायू, मेंदू, गाठ यांतले हायड्रोजन वेगवेगळ्या वेगाने पूर्वपदावर येतात. त्या फरकातून काळ्या-पांढऱ्या छटांचे चित्र तयार होते. या तत्त्वाने चित्र काढता येते हे १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी दाखवले. पुढे २००३ मध्ये ते आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

“डाय टोचून एम.आर.आय. काढा” असे पुष्कळांना सांगितलेले असते. हा डाय म्हणजे बहुतेक वेळा गॅडोलिनियम या धातूचे संयुग. ते जिथे पोचते तिथले पाणी चित्रात उजळ दिसते. असा पहिला डाय १९८८ मध्ये वापरात आला. जाता जाता एक सूचना: डाय टोचण्यापूर्वी मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांत गॅडोलिनियमच्या काही संयुगांमुळे कातडी व सांधे घट्ट होत जाणारा गंभीर विकार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. म्हणूनच तपासणीआधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात.

डाय रक्तातून फिरतो आणि लघवीवाटे निघून जातो. पेशीवरची खूण मात्र पेशीबरोबरच राहिली पाहिजे. त्यासाठी कामाला आले ते आपले नेहमीचे लोखंड.

लोखंडाचे कण पेशीत कसे शिरतात?

लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण करून त्यांवर डेक्स्ट्रान या साखरेच्या जातीच्या पदार्थाचे आवरण चढवतात. असे शेकडो कण एका पेशीच्या रुंदीत ओळीने मावतील इतके ते बारीक असतात. चुंबकाच्या क्षेत्रात असा कण आजूबाजूचे चुंबकत्व बिघडवतो, त्यामुळे शेजारच्या पाण्याचा संदेश चटकन विरून जातो आणि चित्रात त्या जागी काळा डाग उमटतो. हा डाग कणाच्या मानाने कितीतरी मोठा असतो. अंधाऱ्या शेतात बिडी ओढणारा माणूस दिसत नाही, पण विस्तवाचा ठिपका लांबून दिसतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे ठिपका काळा. त्यामुळे उंदरांवरील प्रयोगांत, विशेष यंत्रांच्या साहाय्याने, मेंदूतली एकेक खूण केलेली पेशीही शास्त्रज्ञांना दाखवता आली आहे.

हे कण मुळात तयार झाले यकृतासाठी. यकृतात बाहेरचा कचरा गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. शिरेतून दिलेले लोहकण त्या गिळतात आणि निरोगी यकृत चित्रात काळे दिसते. गाठीत या पेशी नसल्याने ती पांढुरकी उठून दिसते. अशा एका औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली.

पण सर्वच पेशी अशा खादाड नसतात. मूळपेशींना लोखंड ‘भरवावे’ लागते. यासाठी शोधलेली युक्ती आम्हा डॉक्टरांना फार आवडण्यासारखी आहे. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन आणि त्यावरचा उतारा म्हणून वापरले जाणारे प्रोटॅमिन ही दोन्ही इंजेक्शने हृदयशस्त्रक्रियेच्या ठिकाणी रोजची. लोहकणांना प्रोटॅमिनची जोड दिली तर ते पेशीला चिकटतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००३ च्या सुमारास दाखवले. २०१२ मध्ये त्याही पुढची पायरी गाठली गेली. हेपॅरिन, प्रोटॅमिन आणि रक्तक्षयासाठी दिले जाणारे फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचे इंजेक्शन, अशी आधीच माणसांत वापरात असलेली तीन औषधे एकत्र केली, की त्यांचे आपोआप सूक्ष्म पुंजके बनतात आणि पेशींत शिरतात.

प्रत्यक्ष कृती अशी: पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवायच्या, त्यात हे मिश्रण घालून काही तास ते एक रात्र ठेवायचे, न शिरलेले लोखंड धुऊन काढायचे, पेशी जिवंत आहेत ना हे तपासायचे आणि मग त्या रुग्णाला टोचायच्या. एका पेशीत साधारण दहा ते वीस पिकोग्रॅम लोह जाते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. या हिशेबाने एक कोटी पेशी टोचल्या तरी लोह भरते मिलिग्रॅमच्या एक-दोन दशांशाएवढे. आपल्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतेच आणि रक्ताच्या एका बाटलीतून दीडशे-दोनशे मिलिग्रॅम जाते. त्यामुळे या लोहाचा शरीराला भार होत नाही. पेशी मेली की ते शरीराच्या नेहमीच्या साठ्यात जमा होते. मात्र पेशीला लोह जास्त झाले तर तिच्या कामावर परिणाम होऊ शकतो. मूळपेशींपासून कूर्चा तयार होण्याची क्रिया लोहकणांमुळे मंदावल्याचे २००४ मधील एका प्रयोगात दिसले होते. खूण करायची ती मेंढीला न दुखवता.

आठ रुग्ण आणि चार चुकलेल्या सुया

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. हॉलंडमध्ये नायमेगन या गावी विद्यापीठाचे रुग्णालय आहे. तेथील डॉक्टर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर एक उपचार तपासून पाहत होते. आपल्या रोगप्रतिकारक फौजेत ‘डेंड्रायटिक’ नावाच्या पेशी असतात. शत्रूचा फोटो घेऊन त्या लसिका ग्रंथींमध्ये जातात. काखेत किंवा जांघेत ज्यांना आपण अवधाण म्हणतो त्याच या ग्रंथी. तिथे त्या इतर सैनिकांना शत्रूची ओळख पटवून देतात. डॉक्टरांनी रुग्णाच्याच रक्तातून या पेशी तयार केल्या, त्यांना कर्करोगाची ओळख करून दिली आणि लसिका ग्रंथीत टोचल्या.

सुई बरोबर ग्रंथीत जावी म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत टोचण्याचे काम अनुभवी हातांनी केले. या पेशींपैकी काहींना लोहकणांची आणि काहींना इंडियम या किरणोत्सारी द्रव्याची खूण केलेली होती. नंतर एम.आर.आय. काढले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माणसात लोहकणांनी पेशींचा माग काढण्याचा तो पहिला प्रयत्न मानला जातो.

रुग्ण होते आठ. त्यांपैकी चार जणांत पेशी लसिका ग्रंथीत पडल्याच नव्हत्या. ग्रंथीच्या शेजारी पडल्या होत्या. इंडियमच्या चित्रात हे कळत नव्हते, कारण ते चित्र धूसर असते. त्यात काखेत काहीतरी आहे एवढे समजते, पण ग्रंथीच्या आत की बाहेर हे समजत नाही. एम.आर.आय.मध्ये ते स्पष्ट दिसले. ज्यांच्यात सुई बरोबर लागली त्यांच्या पेशी शेजारच्या ग्रंथींकडे सरकलेल्याही दिसल्या.

वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तज्ज्ञ डॉक्टर, उत्तम रुग्णालय, सोनोग्राफीचा पडदा समोर, आणि तरीही निम्म्या वेळा नेम चुकला. खूण केली नसती तर काय झाले असते? त्या चौघांना गुण आला नसता तर “लस निरुपयोगी” असे म्हटले गेले असते, किंवा “प्रत्येकाची प्रकृती वेगळी” असे सांगून वेळ मारून नेली गेली असती. खरे कारण कुणालाच कळले नसते. त्या डॉक्टरांचा मोठेपणा यात आहे, की त्यांनी स्वतःची चूक पकडणारे साधन स्वतःच वापरले आणि जे दिसले ते छापले.

पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, चीनमधील शांघाय येथून एक अहवाल आला. मेंदूला उघडी जखम झालेल्या रुग्णाच्या मेंदूतूनच मूळपेशी मिळवून, वाढवून, लोहकणांची खूण करून त्या जखमेच्या कडेला टोचल्या आणि पुढे काही आठवडे एम.आर.आय.ने पाहिल्या. टोचल्या जागी काळे ठिपके दिसले आणि नंतर ते जखमेच्या कडेने पसरत गेलेले दिसले. अण्णांच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा अभ्यास २०१० मध्ये जेरुसलेमहून आला. तिथे मज्जासंस्थेच्या दोन दुर्धर आजारांच्या रुग्णांना हाडाच्या मगजातील पेशी पाठीतल्या पाण्यात टोचल्या होत्या. काहींच्या पेशींना लोहाची खूण होती. एम.आर.आय.मध्ये मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांत आणि मज्जारज्जूशी खुणा दिसल्या. म्हणजे पाण्यात सोडलेल्या पेशी प्रवास करू शकतात, एवढे म्हणता येते. पोचल्यावर त्या तुटलेल्या तारा जोडतात, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. बस स्टँडवर पोचली म्हणजे पाहुणा घरी आला असे होत नाही.

काळा डाग खोटेही बोलतो

या पद्धतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर उद्या कोणी काळा डाग दाखवूनच पैसे उकळेल.

पहिली उणीव अशी, की पेशी मेली तरी लोखंड मरत नाही. मेलेली पेशी शरीरातील भक्षक पेशी खाऊन टाकतात आणि लोखंड त्यांच्या पोटात जाते. लांडग्याने मेंढी खाल्ली, तर पाठीवरचा रंग लांडग्याच्या तोंडाला लागतो. लांबून पाहणाऱ्याला रंग दिसतो आणि तो म्हणतो, मेंढी आहे! उंदरांच्या हृदयात अशा पेशी टोचून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन आठवड्यांनंतरही काळा डाग कायम होता, पण तपासून पाहता टोचलेल्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. लोखंड होते ते भक्षक पेशींत.

दुसरी उणीव याच्या उलट आहे. पेशी जिवंत राहून वाढू लागली, एकीच्या दोन, दोनांच्या चार झाल्या, तर लोखंड वाटले जाते आणि डाग फिका पडतो. म्हणजे डाग राहिला तरी पेशी मेलेल्या असू शकतात आणि डाग गेला तरी जिवंत असू शकतात.

तिसरी उणीव म्हणजे काळे दिसण्याची इतर कारणे. जुना रक्तस्राव आणि हवा यांमुळेही असाच काळेपणा येतो. अपघाताच्या जखमेत जुने रक्त असतेच. म्हणून टोचण्यापूर्वीचे चित्र जवळ नसेल तर नंतरच्या चित्राला फारसा अर्थ नाही.

यावर उपाय म्हणून लोखंडाऐवजी फ्लोरीनची खूण करण्याचे प्रयत्न झाले. शरीरातला फ्लोरीन मुख्यतः दात व हाडे यांत घट्ट बसलेला असतो आणि तो अशा चित्रात दिसत नाही. त्यामुळे जे दिसेल ते खुणेचेच, आणि किती पेशी आहेत याचा अंदाजही घेता येतो. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेला असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या जागेवर चोवीस तासांनी सुमारे निम्म्याच पेशी मोजता आल्या. मात्र फ्लोरीनचा संदेश क्षीण असतो, त्यासाठी पुष्कळ पेशी एका जागी असाव्या लागतात आणि यंत्रालाही वेगळी जोडणी लागते.

आणखी एक गोष्ट. यकृतासाठीचे जे लोहकण सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत वापरले गेले, त्यांचे उत्पादन २००८ च्या सुमारास थांबले आणि संशोधकांना नवे लोहकण शोधावे लागले. फेरुमॉक्सिटॉलला अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी. शिरेतून देताना क्वचित तीव्र ॲलर्जी होत असल्याने २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापण्यात आला. पेशींना खूण करणे हे काम संशोधनाचे आहे. पॅथॉलॉजीत जाऊन करून घेण्याची ती तपासणी नव्हे.

मग आपण काय करावे?

मूळपेशींचे सर्वच उपचार खोटे आहेत असा समज कृपया करून घेऊ नये. रक्ताच्या काही आजारांत बोन मॅरोचे रोपण हा सिद्ध झालेला उपचार आहे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरील पेशी-उपचाराला आपल्या देशात ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांखेरीज इतर आजारांत मूळपेशी टोचणे हा संशोधनाचा विषय आहे. ते मंजूर झालेल्या चाचणीतच करावयाचे असते. मज्जारज्जूची इजा या ‘इतर’ आजारांत येते. आणि संशोधनासाठी होणारा खर्च रुग्णाच्या माथी मारावयाचा नसतो.

म्हणून असे माहितीपत्रक हाती आले तर शांतपणे, कागदावर लिहून, पुढील प्रश्न विचारावेत:

१. हा सिद्ध उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीतील तिचा क्रमांक काय? (ही नोंदणी कोणालाही विनामूल्य पाहता येते.)

२. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का आणि संमतीपत्र मराठीत मिळेल का?

३. चाचणी असेल तर पैसे कशाचे घेता?

४. टोचलेल्या पेशी कुठे जातात आणि किती दिवस जगतात, हे तुम्ही किंवा इतर कोणी माणसांत पाहिले आहे का? कसे पाहिले?

५. गुण आला हे कोण ठरवणार? टोचणारे डॉक्टरच, की दुसरे कोणी?

६. अपाय झाला तर जबाबदारी आणि भरपाई कोणाची?

एखादा प्रामाणिक संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला आनंद होतो, कारण तो स्वतः रोज हेच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

अण्णांचे पुढे काय झाले?

आठ दिवसांनी अण्णा आले, तेव्हा मुलालाही घेऊन आले. मी हे सर्व त्या दोघांना सांगितले. मेंढ्यांचे उदाहरण त्या वेळीच सुचले. अण्णांनी माझ्यासमोरच त्या केंद्राला फोन लावला आणि चौथा प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आले, “काळजी करू नका काका, पेशींना आपोआप कळतं कुठे जायचं ते.” पहिल्या प्रश्नाला “सर मीटिंगमध्ये आहेत” असे उत्तर मिळाले. अण्णांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यभर एस.टी. चालवलेला माणूस, प्रवाशाला आपोआप गाव सापडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक.

मुलाने मात्र मला विचारले, “मग डॉक्टर, माझ्यासाठी काहीच नाही का?”

या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते. मज्जारज्जू पुन्हा जोडून देणारा सिद्ध उपचार आज नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण करण्यासारखे पुष्कळ आहे, हेही सांगितले. मज्जारज्जूच्या इजेत रुग्णाचा जीव घेतात ते बहुधा पाठीचे व्रण आणि लघवीचे संसर्ग. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत बसल्यावर दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणे, रोज आरशाने पाठ व कुल्ले तपासणे, लघवीची नळी स्वच्छ हातांनी ठरलेल्या वेळी घालणे, सांधे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम, ताप आला किंवा लघवीला वास आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे येणे. फिजिओथेरपीत हात आणि खांदे बळकट केले, तर खुर्चीवरून पलंगावर व पलंगावरून खुर्चीवर तो स्वतःचा स्वतः जाऊ शकेल. यातले काहीही रंगीत कागदावर छापण्यासारखे नाही, पण हे सर्व करण्यासारखे आहे.

जमीन अजून अण्णांच्या नावावर आहे. दाराला खुर्ची चढवण्यासाठी उतार बांधला, संडासात धरायला दांडे बसवले आणि आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट घरी येतो. मुलगा तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचा कोर्स करायचे म्हणतो आहे. मध्यंतरी त्याने मला विचारले, की उद्या एखादी खरी चाचणी सुरू झाली तर तुम्ही मला सांगाल का? “नोंदणी आपण दोघे मिळून दर सहा महिन्यांनी पाहू,” असे मी त्याला सांगितले आहे. पहिली तारीख माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर त्यानेच खूण करून ठेवली आहे.